आधी पाच वर्षांचा हिशेब माग

परवा रविवारी तू मोबाइल पुढे केलास आणि म्हणालीस, "आपा, हे बघ ना. घरबसल्या पीएच.डी., दोन वर्षांत. पैसे हप्त्याने भरता येतात." तेव्हा मी काहीच बोलले नाही. घरात पाहुणे होते, खाला चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, आणि तुझा चेहरा इतका खुलला होता की चारचौघांत तुला नाराज करायचा धीर झाला नाही. रात्री मात्र झोप येईना, म्हणून उठून हे लिहितेय. सावकाश वाच. मध्येच माझा राग आला तर बाजूला ठेव, पण पुन्हा उचल.

ती जाहिरात आधी पुसून टाक. आपल्या देशात दूरशिक्षणाने पीएच.डी. होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमावलीत ती बंद केली, २०१६ला तेच पुन्हा लिहिलं आणि नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या नव्या नियमावलीतही दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला जागा ठेवली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मिळून जाहीर सूचना काढली होती की, परदेशी विद्यापीठांची नावं दाखवून एड-टेक कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्यांना मान्यता नाही. तुझ्या हातात होती ती जाहिरात त्याच माळेतली.

तू विचारशील, मग आपा, मुक्त विद्यापीठातून लोकांची पीएच.डी. कशी होते? अगं, मुक्त विद्यापीठाला पीएच.डी. देता येते, पण ती नेहमीच्याच पद्धतीने. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, मार्गदर्शक, दर सहामाहीला समितीपुढे उभं राहून केलेलं काम दाखवणं, सगळं इतर विद्यापीठांसारखं. नोकरी सांभाळून ती अर्धवेळ करता येते. अर्धवेळ आणि दूरस्थ हे दोन शब्द लोक सर्रास एकात मिसळतात, आणि जाहिरातवाल्यांचा धंदा त्या घोटाळ्यावरच चालतो.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. अम्मी विड्या वळायची, मीही मांडीवर सूप घेऊन बसायचे. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीने कापायची, हजार पूर्ण झाल्या की कारखान्यात देऊन यायच्या. पोरगी झाल्यावर कोणीतरी सांगितलं की नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम केला, तर बारावी नसतानाही बी.ए.ला बसता येतं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद तेव्हा फक्त फाइलवर छापलेलं पाहिलं होतं. ती गंगा आपल्या गल्लीतून खरंच वाहील, असं वाटलं नव्हतं. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र असायचं. त्या वर्गात कोण होतं म्हणून सांगू! विडी कामगार, यंत्रमागावरची माणसं, होमगार्ड, अंगणवाडी सेविका, दोन नवबौद्ध बहिणी, बुरख्यातल्या आम्ही चार-पाच जणी. स्वाध्याय लिहायला कागद नसला तर एकमेकींना द्यायचो. तो वर्ग मी आजही डोळे मिटून पाहू शकते.

मग एम.ए. झालं. तिथे आमच्यातल्या दोघीच उरल्या. आणि पीएच.डी.च्या कोर्सवर्कला, एका वेगळ्या विद्यापीठात, पहिल्या दिवशी हजेरीपटावर मी सगळी नावं वाचली. माझ्यासारखं नाव एकच होतं, माझं. बाकीच्या कुठे गेल्या, हा प्रश्न त्या दिवशी मनात रुतला तो आजवर निघालेला नाही.

हा माझ्या एकटीच्या वर्गाचा प्रश्न नाही, बाळ. उच्च शिक्षणाची सरकारी पाहणी दरवर्षी होते. २०२१-२२च्या अहवालाप्रमाणे देशात उच्च शिक्षण घेणारे ४ कोटी ३३ लाख. त्यांत मुस्लीम २१ लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. लोकसंख्येत आपण शंभरात चौदा. त्या वर्षी दूरशिक्षणात ४५ लाखांहून अधिक विद्यार्थी होते, आणि सगळ्या देशातल्या सगळ्या विद्यापीठांत मिळून पीएच.डी. करणारे होते २ लाख १२ हजार. आता हे दोन आकडे शेजारी ठेव. दूरशिक्षणाचा दरवाजा तिकीटघरासारखा रुंद आहे, पण त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाणारा जिना एका माणसापुरता. मार्गदर्शकांच्या जागा मोजक्या. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थीच घेता येतात. ज्या विद्यापीठात लाखोंनी विद्यार्थी आणि शिक्षक मात्र थोडे, तिथे संशोधनाच्या जागा किती निघणार, ते तूच हिशेब करून बघ.

सच्चर समितीने २००६मध्ये लिहिलं होतं की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लीम, आणि पदव्युत्तरला पन्नासामागे एक. मजला वाढला की माणूस निम्मा. मी ते वाचलं तेव्हा अभ्यासकेंद्रावरच्या त्या बाकांची आठवण झाली. आणि आपल्या महाराष्ट्रात अल्पसंख्याक म्हणजे फक्त आपण, असं समजू नकोस. २०११च्या जनगणनेत देशात जे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रातले. त्या दोन नवबौद्ध बहिणी माझ्याइतक्याच हुशार होत्या. धाकटीचं अक्षर तर छापल्यासारखं. तिची आणि माझी वाट एकाच वळणावर अडली होती, फरक इतकाच की मला अम्मी होती पोरगी सांभाळायला.

आता एक लांबची गोष्ट सांगते, कारण तुला जाहिरातीत 'सर्वांसाठी खुलं' हे शब्द फार आवडले. अमेरिकेत वॉल्डन नावाचं विद्यापीठ आहे. १९७०पासूनचं, नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीचं, आणि आता जवळपास सगळं ऑनलाइन. तिकडे दूरस्थ डॉक्टरेटला बंदी नाही. देशातल्या सगळ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना सर्वांत जास्त डॉक्टरेट देणारं विद्यापीठ म्हणून वॉल्डन बरीच वर्षं पहिल्या क्रमांकावर राहिलं. १८६७पासून कृष्णवर्णीयांना शिकवणारं हॉवर्ड विद्यापीठही त्याच्या मागे पडलं. ऐकून आनंद होतो ना? मलाही झाला होता. ज्या बायकांना दिवसा काम आणि रात्री मुलं, त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोहोचलं, ही मोठीच गोष्ट आहे, आणि ज्यांनी तिथून पदवी मिळवली त्यांच्या कष्टाला मी सलाम करते.

पण जानेवारी २०२२मध्ये मेरीलँडच्या संघराज्य न्यायालयात तिथल्या विद्यार्थिनींनी दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की व्यवसाय प्रशासनाच्या डॉक्टरेटसाठी कृष्णवर्णीयांना आणि बायकांना हेरून जाहिराती केल्या, किती वेळ आणि किती पैसा लागेल ते कमी करून सांगितलं, आणि शेवटचा संशोधन प्रकल्प परत परत दुरुस्तीला पाठवून वर्षामागून वर्षं शुल्क घेत राहिले. विद्यापीठाने दोष कबूल केला नाही, पण २०२४मध्ये २ कोटी ८५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर कर्ज होतं, अर्धा प्रबंध होता आणि हातात पदवी नव्हती. प्रवेशाच्या आकड्यांत त्या दिमाखाने मोजल्या गेल्या होत्या.

म्हणून मी तुला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. कुठल्याही विद्यापीठात अर्ज करण्याआधी विचार, इथून बाहेर कोण पडलं? तुझ्या विषयात मागच्या पाच वर्षांत नोंदणी किती जणांची झाली, पदवी किती जणांना मिळाली, सरासरी किती वर्षं लागली, त्यात बायका किती, कोणत्या प्रवर्गातल्या किती, अर्धवेळ करणारे किती. तोंडी विचारशील तर कारकून म्हणेल, साहेबांना विचारा. साहेब म्हणतील, वेबसाइटवर बघा. तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपये शुल्क, साधा कागद, विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला ही अक्कल नोंदणी झाल्यावर तीन वर्षांनी आली. तुला आधीच देतेय.

उत्तरात नोंदणी भरपूर आणि पदव्या तुरळक दिसल्या, तर तिथे पाऊल टाकू नकोस. विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो.

आता तुझ्या मनातली भीती. तुला एम.ए.ला ५३ टक्के, आणि पीएच.डी.ला ५५ लागतात, म्हणून तू मान्यताप्राप्त विद्यापीठांकडे पाहिलंच नाहीस आणि त्या जाहिरातीकडे वळलीस, हो ना? खालांनी मला नंतर सांगितलं. अगं वेडे, तुमचं बागवानांचं घर! बागवान महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. नॉन क्रीमी लेअर प्रमाणपत्र असेल तर पाच टक्क्यांची सवलत मिळते, म्हणजे ५० पुरे. हे तुला कोणीच कसं सांगितलं नाही? आपल्याकडे ही माहिती घरोघरी असायला हवी, तर लग्नाच्या हॉलचे दर सगळ्यांना पाठ असतात. माझा जीव इथे खरंच तुटतो. दोन टक्क्यांनी तू स्वतःला बाद करून टाकलं होतंस.

तर पहिलं काम, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेअर आणि जात वैधता. वैधतेला वेळ लागतो, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत कागद लागतात, म्हणून उद्याच सुरुवात कर. दुसरं काम, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा फॉर्म. जून २०२४पासून नेटच्या निकालात तिसरा गट आलाय, फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरणाऱ्यांचा. त्या गटातल्यांचा प्रवेश नेटच्या गुणांवर सत्तर टक्के आणि मुलाखतीवर तीस टक्के ठरतो, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो. तू दहावीपर्यंत उर्दूत शिकलीस, नंतर मराठीत, त्यामुळे पहिल्या पेपरची हिंदी तुला अवघड जाणार नाही. पण शब्द संस्कृतातले असतात, त्यांची सवय कर. रोज पाच प्रश्न मोठ्याने वाच.

आणि पैसा. इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. अल्पसंख्याकांसाठी २००९पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. आपल्या कितीतरी पोरींनी तिच्या जोरावर प्रबंध पुरे केले. केंद्र सरकारने ती २०२२-२३पासून बंद केली. इतर योजनांशी ती एकावर एक येते, असं कारण लोकसभेत दिलं गेलं. ज्या घरात पोरीच्या शिक्षणासाठी वेगळा पैसा काढायची पद्धतच नाही, तिथे ती फेलोशिप म्हणजे घरच्यांना देण्याचं उत्तर होतं. 'मी कमावतेय' एवढं म्हटलं की पुढचे प्रश्न थांबायचे. ते उत्तर काढून घेतलं गेलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पण ओबीसी म्हणून तुला फेलोशिपसाठी राज्य सरकारच्या नागपूरच्या महाज्योती संस्थेकडे अर्ज करता येईल. तुझी अनुसूचित जातीतली मैत्रीण आहे ना, तिला पुण्याच्या बार्टी संस्थेकडे पाठव. एक मेख लक्षात ठेव. या फेलोशिप पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांना असतात. अर्धवेळवाल्याला काही मिळत नाही. म्हणजे ज्याला नोकरी सोडणं परवडत नाही, नेमकं त्यालाच पैसा नाही. मी अर्धवेळ केलं, शाळेत शिकवत, आणि नोंदणीपासून मौखिकीपर्यंत आठ वर्षं गेली. वर्षाचे सगळे रविवार गेले, दोन ईदा ग्रंथालयात गेल्या. माझ्या मते तू पूर्णवेळ कर. तू शिकवतेस त्या शाळेत तुला हातात किती पडतात, ते मला माहीत आहे. फेलोशिप लागली तर त्याहून नक्की जास्त येतील. अब्बूंशी मी बोलेन, ते माझ्यावर सोड. लागलीच नाही, तर अर्धवेळ. मग शाळेकडून ना-हरकत पत्र घे, आणि त्यात 'कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास मोकळीक देऊ' हे वाक्य लिहून घे. नियमातच तसं आहे. नुसतं 'हरकत नाही' घेशील तर ऐन कोर्सवर्कच्या महिन्यात परीक्षेचं काम लावतील.

मार्गदर्शक निवडताना हुशारी बघतातच, तू निवृत्तीचं वर्षही बघ. तीन वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, तरी काठावरचे खूप असतात. त्यांच्या हाताखाली आधी किती जणींचे प्रबंध पुरे झाले, ते शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, नाव घालून शोध. त्यातले दोन-तीन उघडून ऋणनिर्देशाचं पान वाच. विद्यार्थी मार्गदर्शकाबद्दल मनापासून काय लिहितात आणि रीत म्हणून काय लिहितात, ते वाचलं की कळतं.

मुलाखतीचं एक सांगायचं राहिलं. मला एका समितीत विचारलं होतं, "तुमच्याकडे लग्नं लवकर होतात, मुलं होतात, मग मध्येच सोडून देणार नाही ना?" समोर पाच जण, सगळे वाट बघत. माझं लग्न झालेलं होतं, पोरगी सातवीत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी म्हटलं, "सर, मी विडी कामगार बायकांच्या भविष्य निर्वाह निधीवर काम करणार आहे, त्याची कागदपत्रं आणली आहेत, दाखवू का?" आणि पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तूही तसंच कर. कागद सोबत ने. अशा प्रश्नाला तुझ्या कामानेच उत्तर दे, आणि घरी आल्यावर माझ्याकडे येऊन हवं तेवढं रड.

लग्नाचं म्हणशील तर नियमाने तुझी बाजू घेतली आहे, फक्त तो नियम घरात कोणी वाचलेला नसतो. पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षं. बायकांना जास्तीची दोन वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी धरून दहापर्यंत जाता येतं. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलीस तर केलेलं काम तिथल्या विद्यापीठात नेता येतं. स्थळ बघायला येतील तेव्हा हे तुझ्या अम्मीला माहीत असू दे. 'पीएच.डी. अर्धवट राहील' हे मग कोणाला बोलता येणार नाही.

आणि समजा, अर्धवट राहिलीच. खर्च, आजारपण, काहीही. तर माणूस संपत नाही. बाबासाहेबांची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास टाकून परत यावं लागलं होतं. ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले, पैसे साठवले, काही उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२०ला ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ला डी.एस्सी. झाले. ती मधली तीन वर्षं मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवली होती. पीएच.डी.च्या सहाव्या वर्षी माझी पोरगी टायफॉइडने आजारी होती आणि मी चार महिने एक ओळ लिहिली नव्हती, तेव्हा मला त्याच आकड्यांनी धरून ठेवलं.

अम्मीचं एक सांगते आणि थांबते. माझं तिसरं प्रकरण मार्गदर्शकांनी दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होते. अम्मीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नाकारलं. ती म्हणाली, "म्हणजे छाट." विडी कारखान्यात मुनीम विड्या तपासतो, न आवडलेल्या काढून टाकतो, त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत आणि त्या विड्याही परत मिळत नाहीत, कारखान्यातच राहतात. अम्मी आयुष्यभर त्या मुनिमापुढे उभी राहिली होती. ती माझ्या मांडीवरचा कागदांचा गठ्ठा हातात घेऊन म्हणाली, "तुझी छाट तर तुला परत दिलीय. मग रडतेस कशाला?"

शनिवारी दुपारी ये. आजोबांचा शाळेचा दाखला सापडला तर घेऊन ये, नाही सापडला तर आपण दोघी त्या शाळेत जाऊ. माहिती अधिकाराचे दोन अर्ज मी लिहून ठेवते, तू फक्त सही कर. आणि खालांना सांग, चहाला साखर कमी घालायला. त्या दिवशी बोलायचं ते घशातच राहिलं होतं, त्यामुळे हेही सांगायचं राहून गेलं.